फाइल कोण उघडणार, हे आधी ठरवा : मलकापूरकरांना तातडीचे आवाहन



आपल्या नावाची किती कागदपत्रे आज गावातल्या संगणकांत पडून आहेत, याचा एकदा मनाशी हिशेब करा. विकास सेवा सोसायटीत पीककर्जासाठी दिलेला सातबारा, आठ-अ, आधारची प्रत, पासबुकाचे पहिले पान. पतसंस्थेत भावकीतल्या कुणाला जामीन राहताना केलेल्या सह्या. नगरपरिषदेत घरपट्टीची नोंद आणि घरकुलाचा अर्ज. शाळेत पोरांचे दाखले, शिष्यवृत्तीसाठी भरलेला उत्पन्नाचा तपशील. दवाखान्यात रक्ताचे, गरोदरपणाचे, साखरेचे अहवाल. आणि झेरॉक्सच्या दुकानात घाईगर्दीत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली ती पीडीएफ, जी छापून झाल्यावर कुणीही पुसत नाही.

या फाइली कोण उघडू शकतो? आपल्याकडच्या बहुतेक छोट्या संस्थांत याचे खरे उत्तर 'जो संगणकासमोर बसेल तो' असेच आहे. एकच संगणक, एकच पासवर्ड, तोही टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर. सचिव रजेवर गेले की शिपाई बसतो, शिपाई चहाला गेला की कुणाचा तरी भाचा बसतो. यात कुणाची नियत वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. कोणती फाइल कुणी पाहायची हे कुणी ठरवलेलेच नाही, एवढेच म्हणायचे आहे. ते आता ठरवले पाहिजे, आणि या वर्षीच ठरवले पाहिजे. त्यासाठी हे आवाहन.

मागणी साधी आहे. संस्थेतल्या प्रत्येक फाइलवर तिची प्रतवारी सांगणारे लेबल असावे: सार्वजनिक, कार्यालयीन, गोपनीय, अतिगोपनीय. आणि ते लेबल नुसते कोपऱ्यात छापलेले न राहता फाइलच्या कुलपाशी बांधलेले असावे. म्हणजे 'गोपनीय' लेबल लागले की फाइल एन्क्रिप्ट होईल आणि ज्यांची नावे त्या लेबलाला जोडली आहेत त्यांनाच ती वाचता येईल. बाकीच्यांच्या हाती ती पडली तरी त्यांना अर्थहीन अक्षरांचा ढिगारा दिसेल.

याची गरज काय, असे ज्यांना वाटते त्यांनी २०२१ साल आठवावे. शाहूवाडी तालुक्यातली किती पोरे त्या वर्षी अभ्यासिकांत, मुंबईच्या खोल्यांत, गावातल्या देवळाच्या ओवरीत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती! ऑक्टोबर २०२१ मध्ये आरोग्य विभागाच्या गट क आणि गट ड पदांची परीक्षा झाली. पेपर आधीच फुटल्याचे उघड झाले. पुणे सायबर पोलिसांनी तपास केला तेव्हा अटक झालेल्यांत खुद्द आरोग्य विभागातले अधिकारी निघाले, आणि पुढे ती परीक्षाच रद्द करावी लागली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला म्हाडाची भरती परीक्षा होती. उमेदवार रात्रीच्या एसटीने, रेल्वेने केंद्राच्या गावी पोचले होते, आणि मध्यरात्रीनंतर परीक्षा रद्द झाल्याची घोषणा झाली. परीक्षा घेण्याचे काम ज्या कंपनीकडे होते तिच्या संचालकालाच पोलिसांनी पकडले होते.

या प्रकरणांत बाहेरून कुणी तिजोरी फोडली नव्हती. प्रश्नपत्रिका ज्यांच्या हाती विश्वासाने दिली होती, त्या वर्तुळातूनच ती बाहेर गेल्याचा पोलिसांचा आरोप आहे. अशा ठिकाणी लेबल आणि एन्क्रिप्शन जोडीने काय करते, ते नीट समजून घेऊ.

मोठ्या कार्यालयांत मायक्रोसॉफ्टची किंवा तत्सम यंत्रणा असते. तिच्यात फाइल तयार करतानाच लेबल निवडावे लागते. ते लेबल फाइलच्या पोटात लिहिले जाते, आणि त्याबरोबर काही हक्कही लिहिले जातात. कुणाला फक्त वाचता येईल, कुणाला बदल करता येईल, कुणाला छापता येईल, कुणाला पुढे पाठवता येईल, हे सारे वेगवेगळे ठरवता येते. फाइल उघडायला गेलेला माणूस कोण आहे हे यंत्रणा आधी विचारते, त्याचे नाव यादीत असेल तरच किल्ली देते, आणि कुणी केव्हा उघडली याची नोंद ठेवते. फाइल पेन ड्राइव्हवर गेली, चुकीच्या माणसाला मेल झाली, लॅपटॉप एसटीत विसरला, तरी कुलूप फाइलबरोबरच जाते. यातली सर्वात मोलाची गोष्ट हीच आहे. आपली नेहमीची सुरक्षा कपाटाला असते. कागद एकदा कपाटाबाहेर गेला की ती संपते.

मुदतही घालता येते. प्रश्नपत्रिका परीक्षेच्या सकाळी अमुक वेळेआधी उघडूच नये, निविदेचे दर ठरल्या तारखेपर्यंत बंद राहावेत, नोकरी सोडून गेलेल्या लेखनिकाचा हक्क त्याच संध्याकाळी काढून घ्यावा, अशी व्यवस्था करता येते. इंटरनेट नसताना फाइल किती दिवस उघडत राहील, हेही ठरवता येते. आंबा घाटाच्या बाजूला पावसाळ्यात रेंज आणि वीज दोन्ही जाणाऱ्या आपल्या भागात ही बारीकशी तरतूद फार कामाची आहे. ती आधी ठरवली नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात कर्मचारी वैतागून सगळी लेबले काढून टाकतील.

पडद्याचा मोबाइलने फोटो काढणाऱ्याला मात्र हे कुलूप अडवत नाही. आणि ज्याला अधिकारानेच किल्ली मिळाली आहे, त्याने दगा द्यायचे ठरवले तर लेबल त्याचा हात धरत नाही. पुण्यात दिघीच्या डीआरडीओ प्रयोगशाळेचे संचालक प्रदीप कुरुलकर यांना ३ मे २०२३ रोजी दहशतवादविरोधी पथकाने शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ खाली अटक केली. पाकिस्तानी हस्तकाला माहिती दिल्याच्या त्या आरोपाचा निवाडा न्यायालय करील. पण संरक्षण खात्यात वर्गीकरणाचे शिक्के वर्षानुवर्षे आहेत, आणि तरीही असा आरोप एका संचालकावर ठेवण्याची वेळ आली, हे आपण विसरू नये. म्हणून किल्ली देताना माणसे कमीत कमी ठेवायची आणि उघडल्याची नोंद दुसऱ्याच माणसाने तपासायची, हे दोन नियम लेबलाइतकेच महत्त्वाचे आहेत.

हा विचार आपल्या मातीला नवा नाही. शिवकाळात प्रत्येक किल्ल्यावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे वेगवेगळे अधिकारी असत. किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी नि हिशेब सबनीसाकडे, धान्य आणि दारूगोळ्याचा साठा कारखानीसाकडे. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये अशी ती रचना होती. ज्या विशाळगडाच्या जहागिरीचा कारभार पुढे या मलकापुरातून चालला, त्या गावाला ही गोष्ट पटवून द्यावी लागू नये.

आपल्या सरकारी कचेऱ्यांना तर वर्गीकरणाची सवय फार जुनी आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात जा. अ, ब, क, ड अशी प्रतवारी करून कागद रुमालात बांधलेले दिसतील. अ म्हणजे कायम जपायचा, ड म्हणजे वर्षभराने नष्ट करायचा. लिपिकाच्या टेबलावर कागद लावण्याची सहा गठ्ठा पद्धत आहे. महाराष्ट्राने २००५ साली सार्वजनिक अभिलेखांचा कायदाही केला. पण ही प्रतवारी मुख्यतः कागद किती वर्षे ठेवायचा याची आहे. तो कुणी पाहायचा याचे उत्तर जुन्या काळी दफ्तराच्या कुलपाने आणि रेकॉर्ड कीपरच्या डोळ्याने दिले जाई. कागद स्कॅन होऊन संगणकात गेला, रेकॉर्ड कीपरची नजर मात्र संगणकात गेली नाही. ती जागा आज रिकामी आहे, आणि लेबलाने ती भरायची आहे.

ही घाई आताच का? एक तर केंद्राने जून २०२२ मध्ये प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची योजना मंजूर केली. देशातल्या ६३,००० सोसायट्या आणि २,५१६ कोटी रुपये, असा तिचा आरंभीचा आकार होता. म्हणजे खेड्यातल्या शेतकऱ्याचे कर्ज, थकबाकी, जमीन, वारस हे सारे चामड्याच्या पाठीच्या खतावणीतून उठून सर्व्हरवर चालले आहे. ते जाताना प्रतवारी झाली नाही, तर नंतर लाखो नोंदी चाळत बसण्याइतका वेळ कोणत्याच सचिवाकडे असणार नाही.

दुसरे कारण कायद्याचे. डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि त्यातली मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या मध्याला लागू होतात. नियमांत एन्क्रिप्शनसारखे उपाय, कुणाला काय पाहता येईल यावरचे नियंत्रण, आणि कुणी काय पाहिले याच्या नोंदी किमान एक वर्ष जपणे, हे स्पष्ट लिहिले आहे. माहिती फुटली तर ज्याची ती आहे त्याला विनाविलंब कळवायचे, आणि सविस्तर अहवाल ७२ तासांत विदा संरक्षण मंडळाला द्यायचा. सुरक्षेत कसूर केल्याबद्दल दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्या छोट्या पतसंस्थेला कुणी २५० कोटी मागणार नाही, हे खरे. पण सभासदांची यादी बाजारात फिरली आणि संस्थेने कुलूपच लावले नव्हते असे निघाले, तर विश्वास पुन्हा कुठून आणणार? पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला होऊन ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली, तेव्हा सहकाराच्या घरापर्यंत हे संकट पोचल्याचे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. मार्च २०२१ मध्ये एमआयडीसीच्या संगणकांवर खंडणीखोरांनी स्वतःचे कुलूप घातले. आपण आपल्या फाइलींची काळजी घेतली नाही, तर ती वेळ दुसरा कुणीतरी साधतो.

'आमच्याकडे एवढी महागडी यंत्रणा कुठली?' असे सचिव मंडळी विचारतील. रास्त प्रश्न आहे. एका संगणकाच्या संस्थेला मोठी यंत्रणा लागतही नाही. चार फोल्डर करा, चार लेबलांच्या नावाचे. फाइलच्या नावातच लेबल लिहा. गोपनीय आणि अतिगोपनीय फोल्डरमधल्या फाइलींना खरे एन्क्रिप्शन लावा. सेव्हन-झिप आणि लिब्रेऑफिस ही दोन्ही साधने फुकट मिळतात आणि त्यांचे कुलूप मजबूत आहे. एक्सेलमध्ये मात्र नीट पाहा. 'शीट प्रोटेक्ट' केले म्हणजे फाइल सुरक्षित झाली, असा समज आपल्याकडे सर्रास आहे. तो चुकीचा आहे. त्याने फक्त खाडाखोड थांबते. आतला मजकूर कुणालाही वाचता येतो. फाइल उघडतानाच पासवर्ड मागणारे जे एन्क्रिप्शन आहे, ते लावायचे. आणि पासवर्ड त्याच मेलमध्ये किंवा त्याच व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकायचा नाही. फोन करून सांगायचा.

पासवर्ड कसा नसावा याचे उदाहरण तुमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. डाउनलोड केलेल्या ई-आधारची पीडीएफ एन्क्रिप्ट केलेली असते. तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मसाल. ज्याला तुमचे नाव आणि वय ठाऊक आहे, त्याला ती फाइल उघडायला किती वेळ लागेल? कुलूप उत्तम, पण किल्ली साऱ्या गल्लीला पाठ. म्हणून संस्थांनी सभासदांचे आधार शक्यतो मागूच नये, आणि मागायचेच झाले तर शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क केलेले आधार घ्यावे. ते आधारच्या संकेतस्थळावरून कुणालाही उतरवता येते. जी फाइल साठवलीच नाही, तिला लेबलही लागत नाही.

किल्ली हरवण्याची भीतीही मनात असू द्या. एन्क्रिप्ट केलेल्या फाइलीचा पासवर्ड एकट्या सचिवाला माहीत असेल आणि उद्या त्यांचे काही बरेवाईट झाले, तर संस्थेचे दफ्तर कायमचे बंद. अतिगोपनीय फाइलींचे पासवर्ड कागदावर लिहून, लिफाफा लाखेने मोहोरबंद करून, अध्यक्ष आणि एका संचालकाच्या सहीने तिजोरीत ठेवावा. मोठ्या यंत्रणेत यासाठी सर्व फाइली उघडू शकणारे एक खास खाते असते. त्याचा वापर दोघांच्या संमतीशिवाय होऊ नये. आणि फाइलींची एक प्रत संगणकापासून वेगळ्या जागी असावी.

आता ज्या धोक्याची मला सर्वात जास्त काळजी वाटते, त्याबद्दल. लेबलाचे हत्यार उलटे फिरू शकते. उद्या एखादा अधिकारी रस्त्याच्या कामाच्या बिलावर 'गोपनीय' लेबल लावील, घरकुलाची लाभार्थी यादी एन्क्रिप्ट करील, आणि विचारायला गेलेल्या नागरिकाला सांगेल की यंत्रणा उघडू देत नाही. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकारासाठी लढा दिला; २००५ च्या केंद्रीय कायद्याआधी आपल्याकडे राज्याचा कायदा होता. नव्या विदा कायद्याने माहिती अधिकारातल्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला, आणि व्यक्तिगत माहिती म्हणून नकार देणे अधिकाऱ्यांना सोपे झाले आहे. तरी कलम ८(२) अजून जागेवर आहे: जनहित मोठे असेल तर अशी माहितीही देता येते. कलम १० प्रमाणे गोपनीय भाग झाकून उरलेला कागद देता येतो. कलम ४ प्रमाणे तर कितीतरी माहिती न मागता जाहीर करायची असते.

म्हणून 'सार्वजनिक' हे लेबल चारही लेबलांत पहिले आणि सर्वात मोठे असले पाहिजे. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक, ठराव, निविदांचे निकाल, कामांची बिले, सोसायटीचा ताळेबंद आणि लेखापरीक्षण अहवाल यांवर कुलूप असताच कामा नये. कुलूप माणसाच्या खासगी माहितीला असावे: आजाराला, जातीच्या दाखल्याला, खाते क्रमांकाला, आधारला, कर्जाच्या अर्जाला. कोणत्या कागदावर कोणते लेबल लागते, ती यादी स्वतः 'सार्वजनिक' असली पाहिजे आणि कचेरीच्या दारात मराठीत लावलेली असली पाहिजे. आणि 'गोपनीय' शिक्का मारणाऱ्याने त्याचे कारण व मुदत त्याच वेळी नोंदवली पाहिजे. मुदत संपली की शिक्का उतरला.

नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना आणि नगरसेवकांना माझी विनंती आहे की लेबलांची यादी सभेत चर्चेला घ्यावी आणि नागरिकांच्या हरकती मागवाव्यात. सोसायट्या, पतसंस्था आणि दूध संस्थांच्या संचालकांनी संगणकाची जबाबदारी सचिवावर ढकलून मोकळे होऊ नये. कुणाला कोणती किल्ली दिली याचा ठराव संचालक मंडळाच्या इतिवृत्तात आला पाहिजे. मुख्याध्यापकांनो, मुलांचे फोटो, जन्मतारखा आणि पालकांचे फोन नंबर असलेली एक्सेल शीट वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात टाकणे आजपासून बंद करा. डॉक्टरांनो, आणि प्रयोगशाळा चालवणाऱ्यांनो, एचआयव्हीचा किंवा गरोदरपणाचा अहवाल नातेवाइकाच्या मोबाइलवर उघडा पाठवू नका. त्यामुळे घरे मोडतात. सेतू केंद्र आणि झेरॉक्सवाल्या बांधवांनो, ग्राहकाच्या डोळ्यांदेखत फाइल पुसा, रिसायकल बिनमधूनही पुसा, आणि 'पुसली' असे त्याला सांगा.

गावातल्या संगणक शिकलेल्या मुला-मुलींकडे एक वेगळे मागणे आहे. तुमच्यातले अनेक जण पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत रोज हीच लेबले लावता. सुटीला गावी याल तेव्हा एक दुपार आपल्या सोसायटीला द्या. चार फोल्डर, एन्क्रिप्शन, पासवर्डचा लिफाफा, बॅकअप, एवढे काम करून द्या आणि सचिवांना, लेखनिकाला शिकवून जा. मात्र पासवर्ड तुम्ही स्वतःजवळ ठेवू नका. किल्ली संस्थेच्या माणसांनीच टाकावी, तुम्ही पाठ फिरवावी.

आणि सभासद बंधूंनो, सहकार कायद्याप्रमाणे संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. अहवाल वाचन, लाभांश, चहा-पोहे यांत ती उरकू देऊ नका. उभे राहून विचारा: माझी कागदपत्रे कोणत्या लेबलाखाली आहेत? ती कोण कोण उघडू शकतो? गेल्या वर्षात ती कुणी उघडली, याची नोंद आहे का? कर्ज फिटल्यावर माझ्या आधारची प्रत पुसता का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर नसेल तर पुढच्या सभेपर्यंत लेबल आणि एन्क्रिप्शन लावण्याचा ठराव त्याच सभेत मांडा, सूचक-अनुमोदकासह. आपली माहिती फुटून पैसे गेल्याचे कळले, तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा.

मे २०२७ ची तारीख दूर वाटते. पण त्याआधी वार्षिक सभांचा सप्टेंबर फार वेळा येणार नाही. या सप्टेंबरमध्ये प्रश्न विचारणारा पहिला सभासद तुमच्या सभेत तुम्हीच व्हा.